दादांनी कोरलेला सिंह

दादांच्या तोंडात दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते, पण 'नाही' हा शब्द मात्र दुधाच्या दातांबरोबर लहानपणीच पडून गेला असावा. तो पुन्हा उगवलाच नाही.

दादा सुतार. दुकान धाकट्या भावाचं. वयाने दादा मोठे आणि अकलेने धाकटा मोठा, असं धाकटा म्हणायचा. आणि दादांना विचारलं तर तेही 'हो' म्हणायचे. दुकानात दोन माणसं होती आणि कामाची वाटणी सरळ होती. गिऱ्हाईक आलं की दादा 'हो' म्हणायचे, आणि गिऱ्हाईक गेलं की धाकटा कपाळावर हात मारायचा.

"दादा, खुर्ची शनिवारी मिळेल ना?"

"मिळेल की!"

असं ते पाचजणांना सांगून बसायचे, आणि शनिवार उजाडला की दुकानात मागच्या दाराने यायचे. एका बाईंना डावीकडूनही उघडणारं आणि उजवीकडूनही उघडणारं कपाट हवं होतं. दादांनी करून दिलं. ते एके दिवशी दोन्हीकडून एकदम उघडलं आणि अख्खं दार बाईंच्या हातात आलं. बाई दार घेऊनच दुकानात आल्या. पण भांडायला धाकट्याकडे गेल्या, दादांना मात्र "तुमची तब्येत बरी आहे ना?" असं विचारून गेल्या. दादांवर कुणाला रागावताच येत नसे. धाकट्याला लोक 'मालक' म्हणायचे, आणि चहा दादांना पाजायचे.

पुढे मालकांचे गुडघे कुरकुरायला लागले. ऑपरेशन ठरलं, तेही मुलीच्या गावी. म्हणजे दुकान काही आठवडे दादांच्या हाती. मालकांना गुडघ्यापेक्षा त्याचीच कळ जास्त येत होती. निघायच्या आदल्या दिवशी ते दादांना म्हणाले, "हे बघ दादा, माझ्याच्याने आता फार दिवस उभं राहवणार नाही. दुकान कुणाच्या तरी हाती द्यायला हवं. जावई तयारच आहे."

"चांगलं आहे की," दादा म्हणाले.

"अरे, चांगलं काय! आयुष्य गेलं तुझं इथे. किल्ली तुलाच द्यावी असं माझ्या मनात आहे. पण एक काम मला सांगितल्याप्रमाणे करून दाखव. एकच."

ते काम म्हणजे चर्चचं नवं पुलपिट. पाळकसाहेब ज्याच्यामागे उभे राहून प्रवचन करतात ते उभं लाकडी मेज. जुनं वाळवीने खाल्लं होतं. एवढ्या प्रवचनांचा तिच्यावर काहीच परिणाम झाला नव्हता.

"साधं करायचं," मालकांनी बजावलं. "समोर सपाट फळी, वर पुस्तकापुरता उतार, खाली चार पाय. नक्षी नाही, खण नाही, काही नाही. हे नीट झालं तर बाकांचंही काम आपल्याला मिळेल. कुणी काही मागायला आलं तर काय म्हणशील?"

दादांनी बराच विचार केला. "बसा म्हणेन."

मालकांनी वर छताकडे पाहिलं आणि वहिनींकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी लक्ष ठेवा."

वहिनी, म्हणजे दादांच्या सौभाग्यवती, कोपऱ्यात खुर्चीला वेत विणत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, लग्नाच्या वेळी यांना विचारलं होतं ना, मुलगी पसंत आहे का? हे 'हो' म्हणाले. मी खूश झाले. नंतर कळलं, यांच्या 'हो'ला काही अर्थच नसतो."

मालक गेले, आणि दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेब आले. पाळकसाहेब उंचीने बेताचे आणि आवाजाने मोठे. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, पुलपिटाखालून ओढून काढता येईल अशी एक छोटी पायरी. "कुणाला दिसणार नाही अशी हं दादा." दुसरी गोष्ट अशी की नव्या पुलपिटावरून पहिल्या रविवारी मंडळीतल्याच कुणीतरी बोलावं, असं पंचकमिटीने ठरवलं होतं. विषय होता 'अहरोन याजकाच्या जीवनातून चारित्र्याचे धडे'. सगळ्यांना विचारून झालं होतं. कुणाचा घसा बसला होता, कुणाकडे पाहुणे येणार होते.

"तुम्ही बोलाल?"

पायरीलाही 'हो' झालं आणि भाषणालाही.

"भाषण?" वहिनी म्हणाल्या. "अहो, गेल्या वेळी आभार मानायला उभं केलं होतं तर ज्यांचे मानायचे त्यांचे सोडून सगळ्यांचे मानलेत!"

पण दादा मनापासून तयारीला लागले. रात्रीच्या जेवणानंतर पवित्र शास्त्र उघडायचे, बोटाने ओळी धरून वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी रंधा मारता मारता वहिनींना सांगायचे. अहरोन याजक, म्हणजे पुरोहित, हा मोशेचा थोरला भाऊ. थोरला, पण कारभार सगळा धाकट्याचा. धाकटा गेला डोंगरावर देवाशी बोलायला, आणि लोकांना थोरल्यावर सोपवून गेला. त्याला यायला उशीर झाला. लोक अहरोनाभोवती जमले, म्हणाले, आम्हाला देव करून दे. आणि या माणसाने काय करावं? "अगं, सगळ्यांचं सोनं गोळा केलं आणि चक्क वासरू करून दिलं!"

"हो का," वहिनी म्हणाल्या.

"थोरला भाऊ ना तू? धाकटा विश्वासाने सोपवून गेला ना? मग एक शब्द तोंडातून काढता येत नाही? सरळ सांगायचं की..."

तेवढ्यात दारात पाळकबाई आल्या. "दादा, पुलपिटात एक घड्याळ बसवाल का? यांच्या डोळ्यांसमोर. प्रवचन सुरू झालं की यांना काळवेळेचं भान राहत नाही. घरी भात गार होतो."

"बसवू की."

संध्याकाळी पाळकसाहेब हळूच येऊन म्हणाले, "दादा, घड्याळ नको हं. मनाची एकाग्रता जाते."

"हो की... म्हणजे, बसवतो, पण त्याला झाकण करतो," दादा म्हणाले. दोघांचंही समाधान झालं. दादांना वाटलं, कारभार असा करायचा असतो. धाकटा उगाच बाऊ करतो.

मग गायनपथकाच्या बाई आल्या. गाण्याच्या वेळी पुलपिट मध्ये येतं, बाजूला सरकवता यावं म्हणून त्याला चाकं हवी होती. आणि पुस्तकांना समोर एक फळी. चाकं आली, फळी आली.

शेवटी आले खजिनदार. हे कापडाचे व्यापारी, बोलायला गोड आणि मापाला काटेकोर. सागाचं लाकूड त्यांनीच दिलं होतं, दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ. "दादा, समोर एक सिंह हवा. आमचे बाबा म्हणजे सिंह होता."

दादांनी उभ्या जन्मात सिंह कोरला नव्हता. त्यांनी पाट केले होते, पाळणे केले होते, एकदा एका खाटेवर बदक काढलं होतं, त्यालाही लोक कबूतर म्हणायचे. पण मेलेल्या बापाच्या सिंहाला नाही कसं म्हणायचं? सुरुवात तर झकास झाली. आयाळ, सुळे, शेपटीचा गोंडा, सगळं होतं. मग पाळकबाई पुन्हा डोकावल्या. "अगंबाई! मुलं घाबरतील हो. डोळे जरा मोठे करा, प्रेमळ." डोळे मोठे झाले. खजिनदार म्हणाले, "बाबा फार मायाळू होते. दात दाखवू नका." सुळे गेले. गायनपथकाच्या बाईंनी मोजून पाहिलं, तर आयाळ फळीला लागत होती आणि पुस्तकं पडत होती. आयाळ छाटली. ती छाटताना मागे दोन कपचे उरले, त्यांचे दादांनी नाइलाजाने कान केले. शेपटीचा गोंडा चाकात अडकत होता, तोही गेला.

"आणि दादा," खजिनदार जाता जाता म्हणाले, "सोनेरी केला तर?"

त्या वेळी दादा मनातल्या मनात भाषणाचा शेवट घोळवत होते: 'म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हातून काय घडेल ते सांगता येत नाही!' वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

"करू की," ते म्हणाले.

सोनेरी रंग वाळला तसं खजिनदारांनी वर कापड टाकून घेतलं. अनावरण करायचं होतं ना! वहिनींनी विचारलं, "काय केलंय एवढं, बघू तरी." दादा म्हणाले, "रविवारी." दादांनीही ते लांबून, एकसंध असं कधी पाहिलंच नव्हतं. नाक पटाशीला चिकटवून काम करणाऱ्याला एकेक कान तेवढा दिसतो.

रविवारी चर्च भरलं. वहिनी तिसऱ्या बाकावर, त्यांच्या शेजारी सुईणआजी. निम्मी मंडळी या आजींच्या हातून जगात आली होती, आणि आता आजींना ऐकू येत नसल्यामुळे त्या सगळ्यांशी ओरडून बोलत. खजिनदारांनी कापड ओढलं. सोनं लखलखलं. मंडळी एकदम शांत झाली. दादांना वाटलं, भारावली.

ते पुलपिटामागे उभे राहिले. तिथून त्यांना सगळे चेहरे दिसत होते, फक्त समोरच्या बाजूचा सिंह तेवढा दिसत नव्हता.

"बंधूंनो आणि भगिनींनो, अहरोन हा बोलायला गोड होता," दादांनी सुरुवात केली. "लोकांना तो आवडायचा. पण..." इथे त्यांनी पुलपिटावर हात आपटला. घड्याळाचं झाकण फटकन उघडलं. पाळकसाहेबांनी तोंड फिरवलं. "पण धाकट्या भावाने विश्वासाने सोपवलेलं काम याने काय केलं? लोक आले, म्हणाले हे कर. केलं! ते कर. केलं!"

दर 'केलं'ला हात आपटत होता आणि दर आपटण्याला पुलपिट बोटभर पुढे सरकत होतं. चाकांना अडसर लावायचा राहून गेला होता. पुलपिट पुढे, दादा मागे, असं भाषण चाललं.

"आणि शेवटी त्यांच्यासमोर उभं काय राहिलं? सोन्याचं वासरू!"

पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मागे कुणाचे तरी खांदे हलले. गायनपथकाने एकसाथ पुस्तकांमागे तोंडं लपवली. दादांना वाटलं, शब्द लागले मनाला. ते चेकाळले. "भाऊ परत आला. त्याने विचारलं, हे काय केलंस? तर हा थोरला काय म्हणतो? लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू आपलं बाहेर आलं! अहो, आपोआप कधी वासरू बाहेर येतं?"

"वासरू मात्र छान काढलंय हो!" सुईणआजींना ते मनातल्या मनात म्हणायचं होतं; ते अख्ख्या चर्चला ऐकू गेलं. "अगदी नुकतं जन्मलेलं दिसतंय. गाय कुठाय?"

मंडळी फुटली. पाळकसाहेबसुद्धा रुमालात तोंड घालून हसत होते. दादा गोंधळले, पुलपिटामागून निघाले, पुढे आले आणि वळून पाहिलं.

मोठे डोळे, प्रेमळ. दोन लांब कान. आयाळ नाही, सुळे नाहीत, शेपूट बोडकं. अंगभर सोनं. ते त्यांच्याकडे पाहत होतं, आत्ता हंबरेल असं.

आणि त्याच वेळी शेवटच्या बाकावर काठीचा टक्क असा आवाज झाला. मालक एक दिवस आधीच परतले होते.

ते हळूहळू पुढे आले. काठीचं टोक त्यांनी वासराच्या नाकाला लावलं. हसणं थांबलं.

"दादा, हे काय?"

"अरे, या लोकांनी..." दादांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पुढचे शब्द त्यांना तोंडपाठ होते. आत्ताच तर मोठ्याने म्हणून दाखवले होते. या लोकांनी सागाचं लाकूड दिलं, मी पटाशी चालवली आणि हे बाहेर आलं.

"मी केलं," ते म्हणाले. "सिंह म्हणून केलं. पण मीच केलं."

मालक काही बोलणार तोच खजिनदार पुढे झाले. ते एकटेच हसले नव्हते. त्यांना तो अजूनही सिंहच दिसत होता. "मालक, दादांचं काम अप्रतिम! बाकंही तुम्हीच करा. प्रत्येक बाकाला असाच एकेक सिंह. सोनेरी. काय दादा, करणार ना?"

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

दादांनी पुन्हा एकदा त्या वासराकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

चर्चमध्ये आमेननंतरही एवढी शांतता कधी झाली नव्हती. खजिनदारांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे पुढच्या महिन्यात?"

"नाही. बाकं साधी होतील. सपाट. हवी तर सांगा."

बाहेर पडल्यावर मालक रस्त्यात थांबले आणि कुजबुजले, "अरे दादा, शिकलास ते बरंच झालं, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर इतकं ताडकन? जरा गोड बोलून म्हणायचं!"

तिघे दुकानाशी आले. मालकांनी दार उघडलं, आणि किल्ली हातातच धरून स्टुलावर बसले. "सांगितल्याप्रमाणे काम झालंय का, दादा?"

"नाही."

"माझ्या जागी तू असतास तर किल्ली दिली असतीस?"

"नाही."

मालकांनी काठीने थोडा भुसा उकरला. मग म्हणाले, "भाषण मी सगळं ऐकलं. एक गोष्ट तू सांगितलीच नाहीस. एवढं सगळं झाल्यावरही याजकाची वस्त्रं देवाने अहरोनालाच दिली. मोशेच्या जावयाला नाही." त्यांनी किल्ली पुढे केली. "घेतोस?"

दादांची गाडी उताराला लागली होती. "नाही," ते म्हणाले.

"अहो!" वहिनी दारातून ओरडल्या, आणि दोन ढांगांत आत येऊन त्यांनी किल्ली भाऊजींच्या हातातून उचलली. "यांच्या 'हो'ला अर्थ नव्हता, आता 'नाही'लाही नाही! किल्ली माझ्याकडे राहील. दुकान हे चालवतील. आणि ज्याला कुणाला काही जास्तीचं हवं असेल, त्याने आधी मला येऊन भेटायचं."

मालक खूप दिवसांनी मोकळेपणी हसले आणि गुडघा धरून बसले.

बाकं साधीच झाली. पुलपिटाची पायरी राहिली, घड्याळ राहिलं आणि झाकणही राहिलं; ते आता पाळकबाई बाहेरून दोरी ओढून उघडतात. प्राणी मात्र उतरवला. मोशेने वासरू जाळून त्याची पूड केली होती, पण साग महाग म्हणून वहिनींनी तो दुकानात दारावर ठोकला. जास्तीचं काही मागायला आलेलं गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे पाहतं, मग वहिनींकडे पाहतं, आणि बऱ्याचदा साधी खुर्ची सांगून जातं.

खजिनदार अधूनमधून येतात. दारात उभे राहून वर पाहतात. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. "हुबेहूब बाबा," म्हणतात. "सिंह होता, सिंह. नाही का हो दादा?"

दादा एकदा वहिनींकडे पाहतात. वहिनी वेत विणण्यात गर्क असल्यासारखं दाखवतात.

"होता की," दादा म्हणतात.