दारावरची आत्या

आमची आत्या सिनेमा थिएटरात डोअरकीपर होती. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला आल्या पावली घालवून द्यायचं, यातच तिचा जन्म गेला. सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांनाही तिने कधी फुकट आत सोडलं नाही. स्वतः मात्र वाटेल तेव्हा आतबाहेर करी. डोअरकीपरला कुठलं आलंय तिकीट!

तिचे यजमान, आमचे आतोबा, घड्याळं दुरुस्त करत. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. बल्ब बदलताना ते स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण नेमकी तेव्हाच फ्लूची साथ आली. वॉर्डात खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकू येईना. शेजारच्या खाटेवरचे मास्तर पाय मोडला म्हणून आले होते. त्यांना तिथेच फ्लू झाला, मग न्यूमोनिया, आणि एका सकाळी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. त्या रिकाम्या खाटेकडे आतोबा बघत नसत. आत्या बघत असे.

"पडून राहिलेल्याची छाती लवकर भरते," सिस्टर म्हणाली. "यांना बसवत जा, दीर्घ श्वास घ्यायला लावा. आणि भेटायला येणारे कमी करा. फ्लू माणसंच आत आणतात."

एवढं आत्याला पुरे होतं. तिने वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकली आणि डोळ्यांत तेल घालून बसली. कुणाचं नाक वाहतंय, कुणाचा मास्क घसरलाय, सगळ्यांची झडती. तिचा स्वतःचा मास्क हनुवटीवर, कारण तोंड झाकून नीट ओरडता येत नाही.

बाबा सूपचा डबा घेऊन आले.

"डबा ठेव आणि जा."

"अगं, एक साधी शिंक आली मला, तीही जिन्यात!"

"ऐकली मी."

खरा चेव चढला तो आतोबांची बहीण आली तेव्हा. या नणंद-भावजयींतून वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. का, ते त्यांनाही धड आठवत नसावं. नणंदबाई ठणठणीत होत्या, हात धुऊन, मास्क बांधून आल्या होत्या. आत्या म्हणाली, "हाउसफुल्ल."

त्या तशाच जिना उतरून गेल्या. मला मुळीच आवडलं नाही ते, आणि मी तसं म्हणालेही. आत्याने खुर्ची आणखी दारात ओढली.

दुसऱ्या दिवशी आतोबांच्या पाठीशी उशी लावताना तिचा घसा खवखवला. "फिनेलचा वास," ती म्हणाली. दुपारी अंग मोडून आलं. "खुर्चीच मेली कडक आहे." मी कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"आत्या," मी म्हणाले, "तुझं तिकीट कोण बघणार?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. आत जायला दारावर ठेवलेला हात तिने मागे घेतला.

"मीच दिलं असेल का गं त्यांना?" तिने अगदी हळू विचारलं. मग मास्क वर ओढला आणि म्हणाली, "तिला फोन कर. नणंदेला."

नणंदबाई तासाभरात हजर. आत्या लांबूनच सांगू लागली, "त्यांना नुसतं पडू देऊ नकोस. मध्येमध्ये बसव, आणि..."

"माझा भाऊ आहे तो," नणंदबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "तू नीघ."

आणि आत्या निघाली! तिला असं निमूट जाताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घरी तापात ती मला एकच विचारायची, "खोकतायत का?" मध्ये एकदा आतोबांना कणकण आली. छातीचा फोटो काढला. तो येईपर्यंत आत्याने पाण्याचा घोट घेतला नाही. छाती स्वच्छ निघाली. मास्तर मात्र परत आपल्या खाटेवर आले नाहीत.

आतोबांना घरी सोडलं त्या दिवशी आत्या कधीच बरी झाली होती. सिस्टरने "आत या की" म्हटलं, तरी ती दाराबाहेरच थांबली. नणंदबाई चाकाची खुर्ची ढकलत आतोबांना घेऊन आल्या.

"ही सांगत होती," आतोबा बहिणीकडे मान करून म्हणाले, "नवा पिक्चर लागलाय, गर्दी फार, तुला सुटीच नाही. कसा होता?"

आत्याने नणंदेकडे पाहिलं. नणंदबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"फार लांब होता हो," आत्या म्हणाली. "संपेचना." आणि भर दारात रडायला लागली.