सरांच्या हातावरची जेल

नगरजवळच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. तिथले एक सर पाण्याने भरलेली जेल बनवतात. ओल्या जखमेवर ती पातळ पसरायची आणि वरून जांभळा दिवा धरायचा. उजेड पडला की जेल घट्ट होते, कातडीला धरून बसते आणि ताणली तरी तुटत नाही. पुढे टाक्यांऐवजी हीच लावतील, असं सर सगळ्यांना सांगतात.

ती किती चिकटते ते बघायला खाटकाकडून बोकडाची कातडी आणायची असते. सरांना त्याचा कंटाळा. मग माझा हात. "मावशी, बाही वर करा," एवढंच म्हणायचे. घट्ट झालेल्या जेलची पट्टी ओढली की लव उपटून यायची, खाली लाल चट्टे उठायचे. घरी मिरची वाटताना तिथं नुसती आग व्हायची. मला चारचौघांत बोलता येत नाही. विसरले मात्र एकही पट्टी नाही.

एक दिवस बाहेरगावाहून मोठ्या मॅडम जेल बघायला आल्या. सर हसत म्हणाले, "मावशींच्या हातावर दाखवतो. म्हशीचं चामडं आहे, त्यांना काही होत नाही."

प्रयोगशाळेतली पोरंपोरीही हसली. माझे कान तापले.

"सर, आज तुमचा हात घ्या की," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी विचारलं, "काय म्हणालात?"

मी चट्टे त्यांच्यापुढं धरले. "माझ्या हातावर आता जागा न्हाई. सरांना लावा. लई चांगली चिकटती."

मॅडमनी माझा हात पाहिला, मग सरांकडे पाहिलं. "लावा सर. जेल तुमचीच आहे."

सरांचा हात केसाळ. जेल त्यांनी पसरली, दिवा मी धरला. जरा जास्तच वेळ धरला.

"झटकन ओढा," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"झटकन कशी? झटकन ओढली की किती चिकटली त्याचा आकडा चुकतो म्हनता ना तुमीच?"

मी सावकाश ओढली. पट्टी ताणली, लांबली, तुटली नाही. केसन् केस घेऊन वर आली. सर "आई गं!" म्हणून ओरडले. पोरं खाली बघून हसत होती. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी नीट बघून घेतलं.

आता खाटकाकडे सर स्वतः जातात. माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही. माझे चट्टे अजून आहेत, आणि त्यांचा दुसरा हात अजून शाबूत आहे.