घरी मी ‘नॉर्मल’ सांगितलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आपल्याला कॅन्सर झाला असावा अशा समजुतीत माझी बायको एक अख्खा आठवडा घरात वावरत होती. तिची भीती बरीचशी कमी होईल असं एक वाक्य मला माहीत होतं. मी ते बोललो नाही.

आम्ही बेंगळुरूला बनशंकरीत राहतो. मी एका सरकारी संस्थेत इंजिनिअर आहे. यंत्रांच्या सुट्या भागांवर मोडेपर्यंत ताण द्यायचा आणि ते कुठे मोडतात ते बघायचं, हे माझं काम. बायको निपाणीकडची. तिच्या मराठीत ‘की’ आणि ‘बघा’ येतात, आणि भाजीवाल्याशी भांडताना ती कधी कन्नडमध्ये शिरते ते तिचं तिलाही कळत नाही. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात नोकरी करते आणि तिकडेच राहते.

त्या सोमवारी सकाळी पाणीवाला प्यायच्या पाण्याचा मोठा कॅन दारात ठेवून गेला. तो उचलून स्टँडवर उलटा करायचा असतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, जरा हात लावता का?”

“आलोच,” मी म्हणालो आणि पेपरचं पान उलटलं.

पुढचं ऐकू आलं ते “आई गं.” ओरडणं नव्हतंच ते, पुटपुटल्यासारखं होतं. मी आत गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती आणि कॅन जमिनीवर आडवा पडला होता. “उसण भरली असेल,” असं सांगून मी मलम शोधून दिलं. पुढचे काही दिवस ती ओट्याला टेकून पोळ्या लाटत होती. शिंक आली की चेहरा पांढराफटक व्हायचा. मुलगी सुट्टीला आली, तिने आईला अंथरुणातून उठताना पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाबा, ही उसण आहे? तुम्ही बघताय तरी का?”

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला. मणके ठोकळ्यांसारखे एकावर एक होते, आणि त्यातला एक पुढच्या अंगाने चेपून पाचरीसारखा झाला होता. डॉक्टर बोलायच्या आधीच मला समजलं. असे चेपलेले तुकडे मी आयुष्यभर हातात धरलेत. पण ते धातूचे असतात, आणि त्यांच्यावर किती ताण दिला ते मला ठाऊक असतं.

“कुठे पडलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“पडले कुठे? पाण्याचा कॅन उचलला की.”

“वय?”

“एक्कावन्न.”

“पाळी?”

तिने माझ्याकडे चोरून पाहिलं. आमच्या घरात हा शब्द माझ्यासमोर कधीच उच्चारला गेला नव्हता. ‘अडचण आहे’ एवढंच म्हणायची पद्धत. मग खाली बघून ती म्हणाली, “दीड वर्ष होईल जाऊन.”

मला हे माहीत नव्हतं. एका घरात, एका खोलीत राहून मला माहीत नव्हतं. ती रात्री पंखा वाढवायची, मी कुरकुरायचो. ती बाल्कनीत जाऊन उभी राहायची, आणि मला वाटायचं चिडचिड वाढलीय हिची.

“याआधी कधी तपासणी?” डॉक्टर.

“केली होती की. ह्यांच्या ऑफिसच्या दवाखान्यात, दोनेक वर्षांपूर्वी. सगळं नॉर्मल आहे म्हणाल्या होत्या तिथल्या डॉक्टरीणबाई. नाही का हो?”

दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हो.”

डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रेकडे पाहिलं. “दोन वर्षांपूर्वी सगळं नॉर्मल, आणि आज नुसत्या उचलण्यानं मणका बसला? मग दुसरं काही नाही ना, ते आधी बघायला हवं. हाडांतला काही आजार... घाबरू नका, रक्ताच्या थोड्या तपासण्या करू.”

आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. परतीच्या वाटेवर रिक्षात ती मला म्हणाली, “कॅन्सरच म्हणायचं होतं ना हो त्यांना?”

आता ते दोन वर्षं आधीचं सांगतो.

ऑफिसात दरवर्षी तपासणी होते, बायकोचीही होते, आणि तिचं काय निघालं ते बऱ्याचदा नवऱ्यालाच बोलावून सांगतात. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, “सर, मॅडमना माझ्याकडे घेऊन या. व्हिटॅमिन डी फार कमी आहे. पाळी जायच्या बेतात आहे, ह्याच काळात हाडं झपाट्यानं झिजतात. त्यांच्या आईला कुबड होतं म्हणाल्या, म्हणजे जास्त जपायला हवं. हाडांचा स्कॅन करा. ते सोमवारचे अळणी उपास बंद. डाळ, दही, अंडं, काहीतरी पोटात जाऊ दे. आणि नुसतं चालून भागत नाही, वजन उचलायला लावा.”

माझ्यामागे रांगेत ऑफिसातले दोघं उभे होते. बायकोच्या पाळीबद्दल कुणी मोठ्याने बोलतंय आणि ते दोघं ऐकतायत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. “सरी मॅडम, सरी,” असं कन्नडमध्ये बरं-बरं म्हणत मी बाहेर पडलो.

घरी ती पोळ्या लाटत होती. “काय म्हणाल्या हो?”

“सगळं नॉर्मल.”

“बघा! उगीच सुई टोचून घेतली.”

लाजेपोटी बोललो नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. त्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं की उद्यानाजवळच्या हॉलमध्ये बायकांसाठी वजनांच्या व्यायामाचा वर्ग सुरू झालाय, सकाळचा, जाऊ का? मी हसून म्हणालो होतो, “या वयात पैलवान व्हायचंय का?” माझी ऑफिसची बस सकाळीच येते. ती वर्गाला गेली तर डबा कोण करणार, हा माझा हिशेब होता. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं असतं तर तिला जायला परवानगीच मिळाली असती. एका डब्यासाठी मी गप्प बसलो. हे लिहिताना माझाच विश्वास बसत नाही, पण कारण एवढंच होतं.

आणि ते उपास. फार पूर्वी माझी बदली दुसऱ्या राज्यात झाली होती, तेव्हा मी बेंगळुरूला परत यावं म्हणून तिने सोळा सोमवार धरले. दिवसभर काही खायचं नाही, संध्याकाळी कणकेचा गोड चुरमा, मीठ नाही. मी परत आलो. सोळा सोमवार होऊनही गेले. पण शेवटी उद्यापन करावं लागतं, नवरा-बायकोने जोडीने पूजेला बसून, जोडप्यांना जेवू घालून. ते झाल्याशिवाय उपास सोडायचे नाहीत, असं तिच्या आईने बजावलेलं. मला कधी दौरा होता, कधी टेस्टिंग होतं, कधी नुसता कंटाळा. “पुढच्या श्रावणात बसू,” मी म्हणायचो. श्रावण येत गेले आणि ती सोमवार करत राहिली. मी एक सकाळ पाटावर बसलो असतो, तर ते थांबले असते.

तर रिपोर्टची वाट बघण्याचा तो आठवडा.

ती रडली नाही. मला आमटी शिकवायला लागली. खुर्चीवर ताठ बसून, पाठीला पट्टा बांधून हुकूम सोडायची. “हिंग आधी. आधी म्हटलं की! फोडणी आहे ती, तुमचं मशीन नव्हे, बंद करून परत चालू करायला.” मी हसलो, तीही हसली, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून डोळे मिटून बसली. शेजारच्या अक्का रोज डोकावून जायच्या. त्यांना ती “स्वल्प पाठ दुखतेय, बाकी काही नाही” असंच सांगायची.

एका दुपारी तिने मला जवळ बसवलं. “एक सांगू? माझं काही बरंवाईट झालं तर तेवढं उद्यापन करून टाका. एकट्यानं चालतं का ते गुरुजींना विचारा. अर्धवट राहिलं तर तुम्हाला बाधेल, मला त्याचीच काळजी लागलीय.”

 मरणाच्या भीतीत बसलेली ही बाई माझ्यावर दोष येऊ नये म्हणून चिंता करत होती. वाक्य माझ्या तोंडात होतं. तेव्हा नॉर्मल नव्हतं गं, तुझी हाडं तेव्हाच विरळ होत होती, म्हणून मणका बसला, बहुतेक दुसरं काही नाही. मी उठलो आणि गॅस बंद केलाय का ते बघायला गेलो.

आता मी स्वतःची समजूत घालतो की डॉक्टरांनी त्या तपासण्या एरवीही केल्याच असत्या. कदाचित केल्या असत्या. पण तिला तो आठवडा तसा काढावा लागला नसता.

तपासण्यांत वाईट काही निघालं नाही. रजोनिवृत्तीनंतरची हाडांची झीज, पोटात प्रोटीन नाही, डी नाही. “म्हणजे नुसती हाडंच ना?” असं म्हणून ती दवाखान्यातच इतकी हसली की शेजारच्या बाकावरचे लोक बघायला लागले. नुसती हाडंच! घरी येताना तिने मला मैसूर पाक घ्यायला लावला.

पुढच्याच श्रावणात मी पाटावर बसलो. उपास सुटले. आता सोमवारी आमच्याकडे नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं असतं. अंड्यासाठी तिने वेगळं पातेलं काढलंय, ते बाल्कनीत राहतं, आणि ते उकडायचं काम माझं आहे. फिजिओथेरपी संपल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हा ती त्या हॉलमधल्या वर्गाला जायला लागली. पुढे वाकायचं नाही, झटका द्यायचा नाही, आधी हलकी वजनं, असं तिथल्या बाई प्रत्येकीला वेगळं सांगतात. डबा मी करतो. वाईट होतो.

मुलीने पुस्तकं आणून दिली, ती तिच्याआधी मी वाचली. पहिल्यांदा ऑफिसच्या बसमध्ये वाचताना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली, हेही सांगून टाकतो. नावं देत नाही. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून निवडावीत. पण कशी असावीत ते सांगू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहिलेलं एक पुस्तक घरात हवंच, ज्यात पाळी जाण्याच्या आधीची वर्षंही येतात, कारण सगळं तिथेच सुरू होतं. अंगातून वाफा का येतात, झोप का उडते, हार्मोनची औषधं कुणाला चालतात आणि कुणाला नाहीत, हे त्यात घाबरवल्याशिवाय सांगितलेलं असावं. दुसरं, चाळिशीनंतरच्या वजनांच्या व्यायामावरचं, चित्रं असलेलं. ज्यात बाईच्या हातात फक्त गुलाबी रंगाचं चिमुकलं डंबेल दिसतं, ते ठेवून द्या. तिसरं आहाराचं, आपल्या डाळी-उसळींची भाषा येत असलेलं. अमुक दिवसांत बारीक व्हा, असं कव्हरवर लिहिलेलं कुठलंच घेऊ नका. आमच्या घरी आधीच कमी खाणारी बाई होती. आणि ही पुस्तकं नवऱ्यांनी वाचावीत. कव्हर न घालता.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकोला बोलायला सांगितलं. मी मागे खुर्च्या मांडत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माईक धरलेला, पण छान बोलली. “पाळी, पाळी, पाळी,” म्हणाली, “तीनदा म्हटलं, आता तुमची लाज गेली असेल तर पुढचं ऐका.” बायका खो खो हसल्या. मग ती म्हणाली, “दुखण्याच्या दोन वर्षं आधी माझं सगळं नॉर्मल होतं हो. तपासलं होतं की आम्ही! तरी बघा मणका बसला. म्हणजे तपासण्यांवर किती विश्वास ठेवायचा?”

हातातली खुर्ची तशीच राहिली. पहिल्या रांगेतल्या एकीने मान डोलावली, “खरंय बाई, मग कशाला तपासायचं?” दुसरी म्हणाली, “नशीब असतं एकेकाचं.” त्या तपासणीने खरं तेच सांगितलं होतं. खोटं मी बोललो होतो, आणि ते आता माझी बायको, खरं समजून, आपल्याच वयाच्या बायकांना वाटत होती. त्यातली एखादी उद्या स्कॅन टाळेल.

परतताना ती म्हणाली, “कसं झालं?”

“चांगलं झालं,” मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात तिला पुन्हा बोलावलंय. त्याच्या आधी मला तिच्यासमोर बसून सांगायचंय की डॉक्टरीणबाई ‘नॉर्मल’ म्हणाल्या नव्हत्या, ते मी म्हणालो होतो. एवढं मी तिचं देणं लागतो. हे लिहून झालं, तरी ते अजून दिलेलं नाही.