आचाऱ्याचं पोट

केंदूरचा कोंडिबा लग्नकार्यात स्वयंपाक करायचा. आख्खं गाव त्याच्या बुंदीवर ताव मारी. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचंच पोट बिघडलं. आव पडू लागली.

"काय कोंडिबा, सोताच्या हातचं खाल्लंस व्हय?" पारावरचे लोक विचारत.

चेष्टा करता करता दोन घरांनी दुसरा आचारी बोलावला. मारुतरावांच्या मुलीचं लग्न तेवढं राहिलं होतं. तेही गेलं, तर त्याच्या हातचं कुणीच खाणार नव्हतं.

शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "पाणी उकळून प्या. गोळ्यांच्या जोडीला ताक घ्या, भरपूर."

पाणी उकळायचं, तर ताकाला का सोडायचं? कोंडिबानं ताकही उकळलं. हात आचाऱ्याचा, म्हणून वर जिऱ्याची फोडणी. आव थांबली, पण पोट काही जागेवर येईना. तो पुन्हा शिरूरला गेला.

"ताक घेता ना?"

"घेतो की. चांगलं खळखळा उकळून."

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, ती कढी झाली! गोळ्या वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारतात. ताकातले जिवंत जंतू पोटाला आधार देतात. तुम्ही तेच शिजवलेत."

कोंडिबाचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. "जिवंत जीव गिळायचं? मी माळकरी हाय, डॉक्टरसाहेब."

बाकावर बसलेली त्याची बायको शेवंताबाई म्हणाली, "अवो, जलमभर दही हाणलं, तवा माळ काय खुंटीला व्हती?"

मग तो रोज तिनं घुसळलेलं गार ताक पिऊ लागला. आपल्या आत एवढी वस्ती, आणि आपण स्वतःला एकटे समजत होतो, याचं त्याला पिता पिता नवल वाटे. हळूहळू पोट ताळ्यावर आलं, भूक लागू लागली.

मारुतरावांनी त्यालाच बोलावलं. पण पहिली पंगत बसायच्या वेळी वरपक्षाचे दौंडचे पाहुणे अडून बसले; आचाऱ्याच्या पोटाची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. "आधी आचाऱ्याला वाढा. मग आमी बसू."

मांडवाच्या मधोमध कोंडिबा एकटाच पत्रावळीवर बसला. बुंदी, वांग्याची भाजी, पुन्हा बुंदी. सगळे त्याच्या तोंडाकडं नाही, पोटाकडं बघत होते. जेवून तो उठला, तशा सगळ्या माना त्याच्यामागं वळल्या.

"चालला बघ परसाकडं," कुणीतरी कुजबुजलं.

कोंडिबानं हात धुतले, भाताच्या हंड्यापाशी जाऊन उलथनं उचललं.

"बघताय काय? बसा की. भात निवाय लागलाय."