सात नंबरच्या खोलीची मालकीण

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही ज्योतीच्या कॉलेजातली, मागची पानं कोरी राहिली होती. दुपारी बाळ निजलं की बेसमेंटमध्ये बसून थोडं थोडं लिहिते. कुणाला दाखवायचं नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं आहे ते मालकीणबाईंबद्दल. थायलंडमध्ये त्यांच्या हॉटेलात मी त्रेपन्न दिवस राहिले आणि एवढ्या दिवसांत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : जेवलीस का? सकाळी विचारायच्या, जिन्यात भेटल्या की विचारायच्या, संध्याकाळी विचारायच्या. त्यांच्या भाषेत, पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेत. कोण तू, इथे कशाला आलीस, नवरा काय करतो, किती दिवस राहणार, यातलं काही नाही. आपल्याकडे धर्मशाळेतसुद्धा एवढं विचारतात. मी प्रत्येक वेळी मान हलवून हो म्हणायची. त्यातलं निम्मं खोटं होतं.

मी तिथे कशी पोचले ते सांगायची लाज वाटते. माझी ज्योती कॅनडात केंब्रिजला असते. शिकायला आली, इथेच नोकरी लागली, इथेच प्रशांतरावांशी लग्न केलं. ते गाड्यांच्या कारखान्यात आहेत. तिला दिवस गेले तेव्हा मी ठरवलं की पहिलं बाळंतपण आईनेच करायचं. तिचं माहेर म्हणजे मी एकटी. तिने माझा व्हिसा अप्लाय केला, तो नाकारून आला. ती म्हणाली, "आई, परत करू, थोडा टाइम लागेल." तिला सातवा लागला होता. टाइम कुठून आणायचा? तालुक्याच्या गावी एक एजंट होता. तो म्हणाला, "मावशी, इथून नकारच येतो. थायलंडमधून आठ दिवसांत काम होतं, तिथून थेट टोरांटो." मी दोन्ही पाटल्या मोडून त्याला पैसे दिले. ज्योतीला कळवलं ते विमानात बसायच्या आदल्या दिवशी. ती फोनवर ओरडली, मग रडली. मी म्हटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

एजंटच्या माणसाने मला बँकॉकपासून रेल्वेने तीन तासांवरच्या एका गावी आणून सोडलं. शहरात हॉटेलं महाग आहेत म्हणाला. आठ दिवसांचं भाडं भरलं, पासपोर्ट माझ्याकडेच राहू दिला, तेवढं एक बरं केलं. नवव्या दिवशी त्याचा फोन बंद झाला. दहाव्या दिवशीही बंद. पासपोर्टवर साठ दिवसांचा शिक्का होता आणि ज्योतीला आठवा लागायचा होता.

हॉटेल दुमजली, स्टेशनजवळ, आठ खोल्यांचं. माझी सात नंबरची, वरच्या मजल्यावर टोकाला. लोखंडी कॉट, पंखा, प्लास्टिकचं स्टूल, न्हाणीत निळी बादली आणि मग. खिडकीतून नदी दिसायची, तीही निजल्यासारखी. दुपारी सगळं गाव दार लोटून घ्यायचं, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायची. मी कॉटवर बसून पंख्याकडे बघायची. खाली जायला लाज वाटायची, कारण खाली मालकीणबाई असायच्या आणि नवव्या दिवसापासूनचं भाडं मी दिलेलं नव्हतं.

मालकीणबाई साठीच्या, बारीक, केस कापलेले, अंगात फुलाफुलांचा सैल सदरा. चपला घालून वर गेलेलं त्यांना चालत नसे. पाहुण्यांच्या चपला दाराशी निघाल्या की त्या वाकून प्रत्येक जोड फिरवून ठेवायच्या, टाचा आत आणि पुढची बाजू रस्त्याकडे, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावा. बोलायच्या भांडल्यासारख्या मोठ्याने, आणि हसताना मात्र तोंडावर हात घ्यायच्या. आमचं बोलणं त्यांच्या फोनवर चालायचं. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि फोनमधली बाई ते मराठीत सांगायची. ती बाई फार शिकलेली असावी. पहिल्यांदा तिने मला "आपण भोजन केले आहे काय?" असं विचारलं तेव्हा मी घाबरून पदर सारखा केला.

आता जी गोष्ट लिहायची आहे ती ज्योतीला अजूनही आवडत नाही. हॉटेलच्या अंगणात एका खांबावर लहानसं घर होतं, आपल्या तुळशीवृंदावनाएवढं उंच. त्यात चिमुकल्या बाहुल्या, फुलांची माळ, उदबत्ती. मालकीणबाई रोज सकाळी त्यापुढे दोन केळी, वाटीभर भात आणि लाल सरबताची बाटली ठेवायच्या, बाटलीत नळीसुद्धा घालून. मला फार बरं वाटलं. म्हटलं, ही आपल्यातलीच बाई, देवाला नैवेद्य दाखवते. माझे पैसे संपले होते. उदबत्ती विझेपर्यंत मी थांबायची, हात जोडायची आणि एक केळं उचलायची. नैवेद्य दाखवून झाला की तो प्रसाद, आणि प्रसाद टाकून देत नाहीत, एवढंच मला माहीत. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी मालकीणबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. माझ्या हातात अर्धं सोललेलं केळं. त्या फोनमध्ये बोलल्या आणि फोनमधली बाई म्हणाली, "हे अन्न या जागेच्या मालकाचे आहे." मी म्हटलं, "हो, नैवेद्य. दाखवून झाला. आता प्रसाद." फोनने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या चेहऱ्याकडे, मग मनगटांकडे. मला वाटलं आता हाकलतात. त्या पुन्हा फोनमध्ये बोलल्या. "त्यांना आधी विचारावे. मग घ्यावे. न विचारता घेतल्यास ते रागावतात." आणि मला शेजारी उभं करून त्यांनी हात जोडले, त्या घरातल्या अदृश्य मालकाशी दोन वाक्यं पुटपुटल्या, जरा थांबल्या, आणि दुसरं केळं स्वतःच माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या घरापुढे केळीच्या पानात बांधलेला चिकट भात होता, उकडलेलं अंडं होतं, पपईच्या फोडी होत्या. तिसऱ्या दिवशी दोन अंडी. जागेच्या मालकाला एवढी भूक लागते हे आधी कधी दिसलं नव्हतं. मी रोज विचारून घ्यायची. मालकीणबाई त्या वेळी पाठ करून चपला लावत असायच्या.

ज्योतीला मी यातलं काही सांगत नव्हते. रोज व्हिडिओ कॉलवर म्हणायची, मस्त आहे, व्हिसा येतोच आहे. एक दिवस मी अंगणात बोलत होते, तर मालकीणबाईंनी माझा फोनच हिसकावला. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. ओरडूनच बोलल्या, "यू डॉटर? मामा नो मनी. मामा ईट स्पिरिट फूड. यू सी मामा एव्हरी डे, यू नो सी!" पलीकडून ज्योती मला म्हणाली, "आई, तू देवापुढचं उचलून खात होतीस? सिरीयसली? आणि मला सांगतेस फ्री ब्रेकफास्ट आहे!"

"फ्रीच होतं की," मी म्हटलं.

मग ती रडली आणि मीही. मालकीणबाई दोघींवर वैतागल्या. मागून प्रशांतराव म्हणाले, "आई, व्हिजिटर व्हिसाला एजंट लागतच नाही हो. मी आज रात्रीच ऑनलाइन अप्लाय करतो, डॉक्टरचं लेटर लावून." त्यांच्या कारखान्यात तेव्हा माणसं घरी बसवली होती, तेही त्यातच. माझ्या तिकिटासाठी त्यांना क्रेडिट कार्ड घासावं लागणार होतं. भाड्याला काही उरणार नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही तरी कळत होतं.

मी कानातल्या कुड्या काढून मालकीणबाईंपुढे धरल्या. त्यांनी त्या उलटून पालटून बघितल्या आणि परत माझ्याच तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. मी झाडू घेतला तर तो काढून घेतला. पाहुण्याने झाडायचं नसतं. शेवटी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला तेवढी मला परवानगी मिळाली, कारण चादरीला दोन माणसं लागतातच. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, ताणायची, चालत जवळ यायचं, टोकं त्यांच्या हाती द्यायची, परत मागे जायचं. रोज चारच्या सुमारास.

अशाच एका दिवशी त्यांनी फोन स्टुलावर ठेवला आणि घड्या घालता घालता बोलल्या. त्यांची मुलगी कोरियात आहे, शेतावर भाजी तोडायला. कागद नाहीत, त्यामुळे सात वर्षांत आलेली नाही. मला गहिवरून आलं. मी म्हटलं, "तिलाही कुणीतरी असंच ठेवून घेतलं असेल." फोनने ते सांगितलं तेव्हा मालकीणबाई तोंडावर हात घेऊन हसल्या. "नाही. तिची घरमालकीण एक तारखेला भाडे घेते. पूर्ण घेते," फोनमधली बाई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी तुमच्याकडूनही पूर्ण भाडे घेणार आहे. परंतु आता नाही."

या वाक्याने मला जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या दयेने आला नसता. त्या दिवसापासून मी जिना उतरताना मान खाली घातली नाही.

बोटांचे ठसे द्यायला बँकॉकला जायचं होतं. मालकीणबाई माझ्याबरोबर आल्या. हॉटेल बहिणीवर सोपवून, छत्री आणि भाताचा डबा घेऊन, लाकडी बाकांच्या रेल्वेने. ऑफिसात मी आत आणि त्या बाहेर फुटपाथवर बसून. महिन्यावर दिवस गेले होते. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या साठाव्या दिवसाभोवती त्यांनी लाल गोल केला होता, आणि ज्योतीची तारीख मी सांगितली तेव्हा तिच्याभोवतीही. दोन गोलांच्या मध्ये फार जागा नव्हती. रोज सकाळी आम्ही दोघी तिथे उभ्या राहून बघायचो.

ज्योतीचं बाळ तारखेची वाट न बघता आधीच आलं. फोनवर प्रशांतरावांनी दाखवलं. लालबुंद, डोळे मिटलेले, डोक्यावर टोपी. मी अंगणात उभी होते. हात पुढे करूनही काही उपयोग नव्हता. मालकीणबाईंनी फोन बघितला, बाळाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि आत जाऊन दोन वाट्यांत भात वाढून आणला. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही जेवलीस का. समोर बसून जेवायला लावलं.

आठ दिवसांनी पासपोर्टवर व्हिसा लागून आला. निघताना त्यांनी मुलीने कोरियाहून पाठवलेलं जाड जाकीट माझ्या हातात दिलं. त्यांच्या गावात ते कुणी कधी घालणार नव्हतं. फोनमधली बाई म्हणाली, "हे भाड्यात नाही." स्टेशनवर मी वाकून पाया पडले. त्या दचकून मागे सरल्या, मग त्यांनीही हात जोडून मान लववली. गाडी हलली तेव्हा त्या कुणा हमालाशी मोठ्याने भांडत होत्या, किंवा नुसत्या बोलत होत्या.

मी केंब्रिजला पोचले तेव्हा बाळ नऊ दिवसांचं होतं. पहिली आंघोळ, पहिली धुरी, सगळं होऊन गेलेलं. आंघोळ नर्सने दाखवली होती आणि धूप घालायला स्मोक अलार्म आडवा आला होता. ज्योती म्हणाली, "आई, तू आलीस ना, बस." पण पहिलं बाळंतपण आईने करायचं, ते माझ्याकडून झालं नाही. ते अजून टोचतं. त्यानंतर दोन हिवाळे गेले. व्हिसा वाढवून घेतला. ज्योती परत कामावर जाते, प्रशांतराव शिफ्टवरून येऊन बर्फ शोव्हल करतात आणि तसेच सोफ्यावर झोपतात. मी दिवसभर बाळामागे असते. संध्याकाळी गुडघे बोलतात. कुणी कुणावर चिडत नाही, एवढी ताकदच उरलेली नसते.

गावाकडच्या माझ्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत एक मास्तर भाड्याने राहतात. त्यांचं भाडं आलं की ज्योती ते फोनवरून मालकीणबाईंना पाठवायची. मी तिला सांगितलं होतं, तुमचा एक डॉलरही यात घालायचा नाही. पैसे पोचले की त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. फोनमधल्या बाईला आम्ही हळूहळू सुट्टी दिली. त्या फोन कशालातरी टेकवून चादरींच्या घड्या घालायच्या. एकट्याने घातल्यामुळे एक टोक जमिनीला लागायचं. मी इकडे पोळ्या लाटायची. बाळ फोनच्या काचेला तोंड लावायचं. अर्धा तास, कधी पाऊण तास. शब्द एकही नाही. मला महिन्याभरात तेवढाच आराम.

शेवटचा हप्ता राहिला, तेव्हा मी ज्योतीला म्हटलं, या महिन्यात राहू दे, मास्तरांचं भाडं उशिरा येणार आहे. पुढच्या महिन्यात म्हटलं, खोलीचं छत दुरुस्त करायचं आहे. दोन्ही खोटं. देणं फिटल्यावर मालकीणबाई कॉल कशासाठी करतील ते मला सुचत नव्हतं. आणि मी आपण होऊन फोन लावणारी बाई नाही, कधीच नव्हते.

काल ज्योती कामावरून आली, बूट काढता काढता म्हणाली, "आई, त्या थायलंडच्या आंटींचे किती राहिलेत? एवढेसेच ना? मास्तरांनी परवाच भाडं टाकलंय, मी बघितलं अकाउंटला." मी नको म्हणेपर्यंत तिने बटण दाबलंही होतं. "झालं. संपलं एकदाचं," ती म्हणाली आणि बाळाला उचलून वर गेली.

आज सकाळी कॉल आला. मालकीणबाईंनी फार दिवसांनी फोनमधल्या बाईला बोलावलं होतं. ती म्हणाली, "सर्व रक्कम प्राप्त झाली. आपल्याकडे माझे काहीही बाकी नाही." मी म्हटलं, "बरं." फोनने तेही सांगितलं. मालकीणबाईंनी मान हलवली. त्यांच्या मागे दोरीवर चादरी होत्या. पैसे पूर्ण फिटले होते. त्यांनी फोन ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.