चहाच्या डब्याचं झाकण

फोन आला तेव्हा मी शाळेची पावसाळ्याआधीची कामं वहीत लिहीत होते. पाचवं काम होतं, 'टोकावड्याजवळच्या फरशी पुलाची पाटी रंगवणे, मामा'. आणि फोनवर मामेभाऊ सांगत होता, मामा गेले... मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली, आता पाटी कोण रंगवणार याची. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

मामा मुरबाडचे पाट्या रंगवणारे पेंटर. तीन वर्षांपूर्वी त्या पुलाची पाटी मीच फ्लेक्सवाल्याकडून करून घेतली होती. सावली दिलेली, शेपट्या काढलेली देखणी अक्षरं. पाणी पुलावरून वाहत असताना एक टेम्पो आत गेला. चालक कसाबसा बाहेर आला. म्हणाला, "बाई, वाचेपर्यंत चाकं पाण्यात होती." आमच्या शाळेतल्या मुलांची जीप त्याच वाटेने येते. तेव्हापासून पावसाळ्यात मुलं वर्गात येऊन बसेपर्यंत मी फाटकाशी उभी असते.

मामांनी फ्लेक्स पाहिला. "ही लग्नपत्रिकेतली अक्षरं गो. पुलावर काय नवरी बसवायचीय?" मग त्यांनी अक्षरांचं नवीन वळण बसवलं. हत्यारं दोनच, मामीच्या चहाच्या डब्याचं झाकण आणि स्टीलची पट्टी. प्रत्येक गोलाई झाकणाची, प्रत्येक रेघ पट्टीच्या रुंदीची. कुठे जाड-बारीक नाही, गाठ नाही. अक्षरांभोवती एवढी मोकळी जागा सोडली की मी म्हटलं, पत्रा वाया जातोय. "ती रिकामी हाय म्हणून अक्षर दिसतंय," मामा म्हणाले. पुढे विहिरीवर, दवाखान्यावर, एसटीच्या थांब्यावर तीच अक्षरं गेली. मामीचा डबा मात्र बशीने झाकलेला राहिला.

पाटी झाली की परीक्षा ठरलेली. चष्मा काढून चाळीस पावलांवरून वाचायचं, तेही काय लिहिलंय हे माहीत नसलेल्यानेच. ज्याला माहीत आहे तो वाचत नाही, नुसता आठवतो, असं मामांचं म्हणणं.

या महिन्यात मामीकडून झाकण मागून आणलं आणि पाटी मीच रंगवली. 'पाणी असेल तर थांबा'. चष्मा काढून चाळीस पावलं मागे गेले. सगळं लख्ख वाचता आलं... पण मला तर ते पाठच होतं. तेवढ्यात वैशाखरे गावाकडून एक आजी मोळी घेऊन आल्या. त्यांना विचारलं, काय लिहिलंय?

"मला कुटं वाचता येतंय, बाय? पण येवढं मोठं नि येवढं साधं लिवलंय, म्हंजी कायतरी भ्यायचंच असल." आणि त्या कोरड्या पुलावरून निघून गेल्या.

झाकण परत द्यायला गेले. मामीने ते डब्यावर बसवून पाहिलं. कडेला रंगाचे थर इतके चढलेत की बसेना. तिने पुन्हा बशी ठेवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. दरसाल लागंल."

ते आता माझ्या वहीवर असतं. पाचव्या कामापुढे मी अजून खूण केलेली नाही. पाणी चढायच्या आत, पाटी माहीत नसलेलं, पण वाचता येणारं कुणीतरी मला त्या वाटेवर भेटायला हवं.