पोखरलेला नारळ

मानवी मस्तकाच्या रक्षणार्थ तारकर्लीत एक शास्त्रीय प्रयोग झाला होता, त्याची इतिहासात नोंद व्हायला हवी — आणि मी त्यात केलेल्या लबाडीचीही. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच. मस्तक तिच्या भावाचं होतं.

माझा हा मेव्हणा, वासू, मुंबईत गाद्यांच्या कारखान्यात होता. साठ सालच्या आसपास रजेवर आला तो फोमचे तुकडे घेऊन. फोम, त्यावर शिडाचं कापड, पुन्हा फोम, पुन्हा कापड — असे थर चिकटवून त्याने टोपी केली. नुसता फोम दबतो, नुसतं कापड फाटतं. दोन्ही मिळून धक्का पसरवतात, असं त्याचं म्हणणं. ही घालून माडाखाली खुशाल फिरावं.

पटण्यासारखं होतं. पण ते स्वतःच्या डोक्यावर सिद्ध करायची काय गरज होती? तेही देवळासमोर, सभापतींना बोलावून? सभापती विज्ञानावर पुष्कळ बोलले आणि आपली खुर्ची माडापासून लांब मांडून घेतली.

वरून नारळ सोडायचं काम माझं. मी उंदराने पोखरलेला निवडला — आत पाणी नाही, खोबरं नाही. भोक मातीने बुजवलं, नारळ कमरेला बांधला आणि चढलो. वासूवर माया होती म्हणून? असेल. पण मला संध्याकाळी घरीही जायचं होतं.

नारळ नेमका टोपीवर बसला. टाळ्या झाल्या. मी उतरलो तेव्हा वासू हसत होता.

"भावजी, फूल पडल्यासारख्या वाटला. एक थर कमी केलो तरी चालात."

इथे मी बोलायला हवं होतं. बोललो का? "माका काय इचारतस, तुका म्हायत," एवढंच.

त्याने थर कमी करून टोप्या शिवल्या, वाडीत वाटल्या. एक आमच्याकडे आली. घरात कोणी नसताना मी ती भोपळ्यावर चढवली आणि माडावरून भरलेला नारळ सोडला. भोपळा दुभंगला. आता शंका उरली नव्हती — खात्री होती.

"भोपळो कोणी फोडलो?" बायकोने विचारलं.

"घारगे कर," मी म्हटलं.

पुरावा मी खाल्ला. चांगला झाला होता, हेही कबूल करतो.

त्यानंतर माडात धप्प झालं की मी अंगणात धावायचो — कोण आडवं झालं ते बघायला. तोंड मात्र उघडलं नाही. आधी वासूची मान खाली जाईल म्हणून, मग माझी. वासू अजून तो प्रयोग आपल्या जावयांना सांगतो. मी शेजारी बसून मान डोलावतो.

टोपी घातलेल्या एकाचंही डोकं फुटलं नाही. फार उकडतं म्हणून ती कोणी घातलीच नाही; बायकांनी घागरीखाली चुंबळ म्हणून वापरली.